अप्पांचं स्टूल आणि हरणाची सुरी

सुऱ्यांच्या दुकानात ग्राइंडरखाली लोखंडाची काळी पूड साचते. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी दोन सुऱ्यांना धार लावली की पुन्हा तेवढीच. किश्शांचंही तसंच आहे. माझ्या माहेरच्या, माजिवड्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज दुपारी कोणीतरी विचारतं, "गौरी, आज काय कापलंस?" मी एक सांगते, दोन उरतात. लग्नाला अजून वर्ष झालं नाही आणि उरलेल्यांचा हा ढीग!

खरं तर मी बोलणारी नाही. लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलगी बोलते ना हो?"

आई म्हणाली, "लागलं तर."

दुकान डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर. रुंदी नऊ फूट. भिंतीला फळ्या, फळ्यांवर सुऱ्या, सत्तूर, विळ्या, कोयते. मध्ये काउंटर आणि त्यामागे एक उंच लोखंडी स्टूल. माझे सासरे, म्हणजे अप्पा, पूर्वी एमआयडीसीत टर्नर होते. तिथे लोखंड कापायच्या मशीनची ब्लेडं झिजली की भंगारात जायची. अप्पांनी त्यातली चार घरी आणली, घासून घासून त्यांच्या सुऱ्या केल्या. पुढे कंपनी बंद पडली, सुऱ्या चालू राहिल्या.

*

दुकानात गिऱ्हाईक आलं की सुरी कशाला हवी हे अप्पा आधी विचारत नाहीत. आधी म्हणतात, "हात दाखवा."

मग अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून बघतात, बोटांची लांबी बघतात आणि स्टुलावर मागे रेलून सांगतात, "पाच इंची. मूठ जाड." पुढे वाद नाही. डॉक्टरशी हुज्जत घालणारी माणसं अप्पांशी घालत नाहीत.

एक काकू आल्या. मुलगी पुण्याला नोकरीला गेली होती, तिच्यासाठी सुरी पाठवायची होती.

"मुलीला आणा," अप्पा म्हणाले.

"अहो, ती कालच गेली!"

"मग तुमचा हात बघून तिला सुरी देऊ? चष्मा देतं का कोणी असा?"

काकूंना पटलं. त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "सोनू, तुझ्या दोन्ही हातांचे फोटो पाठव बघू. पुढून आणि मागून. इथे एक काका मागतायत."

 पलीकडून आवाज आला, "आई! मी सांगितलेलं ना तुला, एक वर्ष स्थळं बघायची नाहीत म्हणून!"

फोटो आले शेवटी. अप्पांनी ते मोठे करून बघितले. म्हणाले, "चार इंची. आणि नखं कापायला सांगा."

*

आता स्टुलाबद्दल. त्या स्टुलावर जो बसतो तो सुरी निवडतो. इतकी वर्षं तिथे फक्त अप्पा बसले. गेल्या पावसाळ्यात त्यांचा गुडघा गेला. ग्राइंडरसमोर उकिडवं बसणं बंद झालं, मग दुकानात दिवसभर बसणंही जड जायला लागलं. माझा नवरा हर्षल बँकेत आहे आणि स्वभावाने अतिशय चांगला आहे. यातलं दुसरं मी मुद्दाम आधी लिहून ठेवतेय.

अप्पा डॉक्टरकडे गेले होते त्या दिवशी हर्षलने सुट्टी टाकली आणि स्टुलावर बसला. हिराबाई आली. ही नाक्यावर मासळी विकते आणि अप्पांच्या सुरीशिवाय दुसऱ्या सुरीने पापलेटला हात लावत नाही. हर्षलने तिला एकदम नवी, चकचकीत, महागातली सुरी दिली. पात्याला दाते होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा शटर वर करतायत तर हिराबाई पायरीवर बसलेली. सुरी तिने काउंटरवर आपटली.

"अप्पा, तुजे पोरानं मना करवत दिली! आमी मासं कापताव का झारां तोरताव?"

अप्पांनी तिला जुन्या पद्धतीची सुरी दिली, चहा पाजला. त्या रात्री सगळे जेवायला बसलो. वरण वाढून झाल्यावर अप्पा म्हणाले, "गुढीपाडव्यापासून गाळा भाड्याने देऊ. तो मोमोवाला विचारतोय. हात बघणारं माणूस नसेल तर नुसतं लोखंड विकून काय उपयोग?"

हर्षल मान खाली घालून म्हणाला, "सॉरी, अप्पा."

 मी ताटातला भात नुसता चिवडत बसले. माझी ठाण्याच्या कॉलेजातली लॅब असिस्टंटची नोकरी कॉन्ट्रॅक्ट संपल्यामुळे गेली होती, रोज दुपारी मी अप्पांचा डबा घेऊन दुकानात जायचे, आणि डबा संपल्यावरही निघायचे नाही. त्या काळ्या पुडीचा वास, ब्लेडची पाठ बोटाने तपासणं, माणसांचे हात... मला ते सगळं आवडायला लागलं होतं. एवढं आवडलेलं काही मी आधी कधी कोणाकडे मागितलं नव्हतं. तेव्हाही मागता आलं नाही.

*

माझी पहिली विक्री. अप्पा आत माळ्याखाली जरा आडवे झाले होते, मी काउंटरपाशी उभी. (स्टुलावर नाही. उभी.) एक दणकट गृहस्थ आले. दंड माझ्या मांडीएवढा, टी-शर्ट भाच्याचा असावा.

"मोठी सुरी दाखवा. सगळ्यात मोठी!"

मी त्यांचा हात बघितला. पंजा छोटा होता. बाकीचं सगळं जिममधलं, पंजा घरचा. मी चार इंची सुरी काढून काउंटरवर ठेवली. सुरी हातात द्यायची नाही, काउंटरवर ठेवायची आणि समोरच्याने उचलायची, हा अप्पांचा दुसरा नियम. हातात दिली की भांडण होतं म्हणतात.

"ही? ही तर लहान आहे."

मी गप्प.

"नाही म्हणजे... घरी कांदा-टोमॅटोच कापायचाय. पण मोठी बरी ना?"

मी गप्प.

"मागच्या वेळी मोठीच घेतली होती. बोट कापलं. चार टाके."

मी गप्प.

"मिसेसही म्हणालेली, लहान घ्या म्हणून. तुम्ही म्हणताय तर देऊन टाका ही!"

ते गेल्यावर आतून अप्पांचा आवाज आला, "काय बोललीस गं त्याला?"

"काही नाही."

"बरोब्बर बोललीस!"

*

दुसरा प्रसंग तलवारीचा. पाच-सहा पोरं बाइकवरून आली. मधला हीरो, सगळ्यांचा 'भाऊ', गळ्यात चेन. बाकीचे त्याच्या चेनकडे बघत चालणारे.

"वहिनी, तलवार दाखवा. आपल्या भाऊचा बड्डे आहे, केक कापायचाय. रील बनवायची."

अप्पा स्टुलावरून उठायला लागले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. असल्या केकपायी पोरं पोलीस ठाण्यात बसलेली त्यांनी पाहिली आहेत. पण गुडघ्याने त्यांना वेळेत उठू दिलं नाही. मीच विचारलं, "केक किती किलोचा?"

मधल्याने दुसऱ्याकडे बघितलं. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरा पुटपुटला, "अर्धा."

"अर्ध्या किलोला तलवार?"

 मग मागचा एक जण फिस्सकन हसला. मग सगळेच. भाऊ स्वतःही हसला, बिचारा. मी केकची प्लास्टिकची सुरी काउंटरवर ठेवली आणि त्याने ती मुकाट्याने उचलली.

बाइक चालू करताना भाऊ म्हणाला ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, "पुढच्या वर्षी दोन किलोचा आणा रे. इज्जतच गेली!"

*

आणि मग गणपतीच्या सुट्टीत केदार आला.

केदार इथलाच, दोन गल्ल्या सोडून त्याचं घर. सॉफ्टवेअरमध्ये आहे, चार वर्षं अमेरिकेत. दुकानात शिरला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अप्पा, हरणासाठी सुरी हवी होती."

अप्पा गुडघा विसरून उठले आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं!

"अक्कल आहे का? हरणाला हात लावलास तर आत जाशील! आणि मी तुझ्यामागे!"

"अहो, इथे नाही! तिकडे, अमेरिकेत. तिकडे लायसन्स मिळतं, सीझन असतो." त्याने फोनवर लायसन्स दाखवलं. अप्पांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं, इंग्रजी पुरतं कळत नसताना. मग शटर वर केलं.

प्रकरण असं होतं. केदारच्या शेजारी एक म्हातारे आजोबा राहतात, अमेरिकनच. दरवर्षी थंडीत चार-पाच जण मिळून शिकारीला जातात, मांस वर्षभर फ्रीजरमध्ये पुरवतात. गेल्या वर्षी केदारलाही नेलं. हरीण पडलं की तिथल्या तिथे, जमिनीवरच, त्याचं पोट उघडून आतलं सगळं बाहेर काढावं लागतं, नाहीतर मांस खराब होतं. हे काम प्रत्येकाने आपापल्या सुरीने करायचं असा त्यांचा रिवाज. केदारकडे सुरी नव्हती. त्याला नुसती टॉर्च धरायला लावली.

"अप्पा, चार तास टॉर्च धरलेली मी! सगळे मला टॉर्चच म्हणतात आता. या वर्षी पहिलं हरीण मी साफ करणार म्हणून सांगून आलोय."

ही बातमी पसरायला किती वेळ लागणार? दोन दुकानं सोडून मटणवाले सलीमचाचा आले. त्यांनी सल्ला दिला, सत्तूर. "हड्डी कशानं तोडणार, बेटा?" हर्षल शनिवार म्हणून घरी होता, तो आला. त्याचं मत कोयता, कारण जंगल. केदारने स्वतः फोनवर एक सुरी पसंत केली होती. तिला पुढे हूक, पाठीला करवत, मुठीत आग पेटवायची काडी आणि टोकाला होकायंत्र.

मी विचारलं, "होकायंत्र कशाला?"

"हरवलो तर!"

"हात हरणाच्या पोटात असताना?"

सलीमचाचा हसून हसून पायरीवर बसले.

अप्पा मात्र हसले नाहीत. ते केदारचा पंजा धरून बसले होते. अंगठा दाबला, बोटं बघितली, पुन्हा अंगठा. मग हात सोडून दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "मला नाही सांगता येत रे. मी बोकडाची सांगेन, माशाची सांगेन. हरीण मी कधी पाहिलंच नाही."

अप्पांच्या तोंडून "नाही सांगता येत" हे मी पहिल्यांदा ऐकलं. हर्षलनेही. तो माझ्याकडे बघायला लागला.

मी बीएस्सी झूलॉजी. कॉलेजात हाताखालून मासे गेले, कोळंबी गेली, बाकी सगळं आकृत्यांतून. पण एक गोष्ट मॅडमनी डोक्यात पक्की बसवली होती: पोट उघडताना खाली आतडं आहे हे विसरायचं नाही. ते फुटलं की सगळं संपलं. मी केदारला विचारायला सुरुवात केली. हरीण टांगलेलं असतं की आडवं? आडवं. जवळ पाणी? नाही. हाडं तोडायची का? नाही, ते नंतर घरी आणून. थंडी किती?

"बर्फ असतो, वहिनी. हाताला हात कळत नाही."

मी अप्पांकडे वळले. "अप्पा, चुकतंय आपलं. आपण त्याचा इथला हात बघतोय."

*

हिराबाईकडून बर्फ आणला. "सुरीचे दुकानान बरफ? काय करताव गो?" म्हणत ती स्वतःच टोपली डोक्यावर घेऊन आली आणि बघायला थांबली. बादलीत बर्फ, बर्फात पाणी. दुसऱ्या भांड्यात गोडं तेल, रक्ताच्या आणि चरबीच्या जागी.

मी केदारला म्हणाले, "हात दाखवा."

म्हणून झाल्यावर माझं मलाच कसंसं झालं. दुकानात हे वाक्य अप्पांशिवाय कोणी कधी म्हटलं नव्हतं. पण केदारने निमूट हात पुढे केला आणि मी तो बादलीत घातला.

अर्ध्या मिनिटात तो ओरडायला लागला. दीड मिनिटात ओरडायचा थांबला. हात बाहेर काढला, तेलात बुडवला. "आता उचला."

सत्तूर उचलला, तो काउंटरवर धाडकन पडला. सलीमचाचांनी पाय मागे घेतले. मोठी सुरी उचलली, ती मुठीतच फिरली आणि पातं केदारच्या पोटाकडे वळलं. घडीची सुरी तर उघडलीच नाही. होकायंत्रवाल्या सुरीच्या जागी तसलीच गुळगुळीत मुठीची एक दिली, ती उडून थेट हिराबाईच्या टोपलीत!

"मासं मेलेलंच हान रं," हिराबाई म्हणाली.

मी पळत घरी गेले. आमचं घर दुकानाच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये. ओट्यावर आईंची, म्हणजे सासूबाईंची, सुरी होती. अप्पांनी भंगारातल्या ब्लेडची केलेली ती पहिली सुरी. तेव्हा आठ इंच होती म्हणे. धार लावून लावून, मासे साफ करून करून साडेतीन इंच उरलीय. टोक झिजून खाली झुकलंय, त्यामुळे माशाच्या पोटात कितीही आत घाला, ते टोचत नाही. पाठ जाड, अंगठा नीट बसतो. मूठ बाभळीची, आईंच्या हाताने मध्ये खोलगट झालेली. त्या सुरीने मासे साफ करताना मी त्यांना कितीदा बघितलं होतं. आतडं कधी फुटलेलं पाहिलं नव्हतं.

"आई, सुरी नेते."

"कुठे?"

"अमेरिकेला."

आई माझ्यामागे दुकानात आल्या, हातात लाटणं तसंच. केदारचा हात पुन्हा बर्फात, पुन्हा तेलात. त्याने सुरी उचलली. ती हलली नाही. त्याने मूठ घट्ट केली, सैल केली, मनगट वळवलं. मी एक ओली लुंगी ताणून धरली आणि तिच्याखाली फुगा. (फुगा हर्षलने फुगवला. त्याचं योगदान.) केदारने लुंगी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी फाडली.

फुगा फुटला नाही!

लुंगी अप्पांची होती, हे सगळ्यांच्या नंतर लक्षात आलं.

"हीच द्या!" केदार म्हणाला.

आईंनी सुरी त्याच्या हातातून काढून पदराला पुसली. "ही मी मेल्यावर. हवी तर यांना नवी करायला सांग."

सगळे अप्पांकडे बघायला लागले. ग्राइंडर कित्येक आठवडे बंद होता. अप्पा उठले. हर्षलने ग्राइंडर उचलून टेबलावर ठेवला, उभ्याने काम करता येईल असा. मला आजवर कळलेलं नाही की हे इतके दिवस कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही.

तीन दिवस ठिणग्या उडत होत्या. मी टोकाचा उतार कागदावर काढून दिला. अप्पांनी तो दोनदा नाकारला आणि तिसऱ्यांदा तसाच घासला. वर म्यान, नाक्यावरच्या चपलावाल्याकडून.

सुरी काउंटरवर ठेवून अप्पा केदारला म्हणाले, "हे पोलाद गंजतं. काम झालं की पुसायची आणि खोबरेल लावायचं. विसरलास तर इथे येऊ नकोस."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निवड हिची आहे. चालली तर पाडव्याचं बघू. नाहीतर मोमो."

*

मधल्या काळात केदारची आई दुकानात आली. घरात शुद्ध शाकाहार. केदारने शिकारीतला 'शि' देखील घरी काढला नव्हता.

"अगं गौरी, केदारने तुमच्याकडून सुरी नेलीय ना? इतक्या लांबून सुरी न्यायची! तिकडे काय कापतो एवढं?"

मी गप्प. ही माझी जमेची बाजू.

"तिकडच्या भाज्या मोठ्या असतात म्हणे."

मी गप्प.

"भोपळे वगैरे?"

"सालीसकट असतात, काकू," मी म्हणाले.

त्या समाधानाने गेल्या. अप्पांनी तोंडावर टॉवेल धरला होता, त्यांचे खांदे हलताना मी बघितले.

*

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. केदारचा पत्ता नाही. मोमोवाला विकी मात्र दोनदा येऊन भिंती मोजून गेला. तो मोजत असताना मी सुऱ्या पुसत उभी राहायचे. त्याच त्या सुऱ्या, पुन्हा पुन्हा.

एका सकाळी हर्षलच्या फोनवर केदारचा आवाज आला. रेकॉर्ड केलेला, श्वास लागलेला. आम्ही दुकानात सगळे त्याभोवती उभे. सलीमचाचाही.

"अप्पा, आधी वाईट बातमी! तुमचं खोबरेल गोठलं! सुरी म्यानात साबणाच्या वडीसारखी बसली, बाहेरच येईना! सगळे हसतायत, टॉर्च, टॉर्च ओरडतायत!"

अप्पा स्टुलावर बसले. खोबरेल थंडीत गोठतं हे डोंबिवलीत कोणाच्या लक्षात येणार? माझ्यासुद्धा आलं नाही, झूलॉजी शिकूनही. 

"मग मी ती म्यानासकट काखेत धरली. जॅकेटच्या आत. पाच मिनिटं. म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे!"

सलीमचाचा म्हणाले, "या अल्ला."

"आणि मग निघाली, अप्पा! आणि काय चाललीय! बोटं बधिर, काही कळत नव्हतं, पण मूठ हलली नाही! वरून खालपर्यंत एकदाही आतडं फुटलं नाही! शेजारी आमच्यातलाच एक जण होकायंत्रवाली सुरी घेऊन बसला होता... हो, तीच, तसलीच... त्याने पहिल्याच फटक्यात फोडलं! असा वास, की आम्ही सगळे होकायंत्र न बघता एकाच दिशेने पळालो!"

हर्षल ओरडला. खरंच ओरडला, बँकेतला माणूस.

"शेवटी आजोबांनी सुरी माझ्या हातातून घेतली. स्वतः पुसली. उलटसुलट बघितली. आणि संध्याकाळपर्यंत परत दिलीच नाही! वहिनी, मला टॉर्च म्हणणं बंद झालंय. आता विचारतायत, आम्हालाही मिळेल का? मी त्यांना सांगितलंय, आमच्याकडे असं नाही मिळत. आधी हात दाखवावा लागतो!"

आणि मग फोनवर फोटो यायला लागले. एक, दोन, पाच. गाडीच्या बॉनेटवर, बर्फावर ठेवलेले लालबुंद गोरे पंजे. पुढून आणि मागून. एका हाताला चारच बोटं होती. म्हाताऱ्या आजोबांचा हात सगळ्यात शेवटी, सुरकुतलेला, शेजारी माप कळावं म्हणून त्यांनी एक पेन्सिल ठेवलेली.

अप्पांनी चष्मा पुसला. पहिला फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला. मग फोन काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. हातात दिला नाही. काउंटरवर ठेवला.

"तू सांग," म्हणाले. "मी घासतो."

*

पाडव्याच्या आठ दिवस आधी विकी आला. सोबत रंगारी, बगलेत बोर्डाचं डिझाइन. अप्पा दुकानाच्या मागच्या बाजूला ग्राइंडरपाशी उभे होते, ठिणग्या उडत होत्या. विकीला त्या आवाजात ओरडावं लागलं.

"काका! चावी कधी देताय? पाडव्याला ओपनिंग आहे ना आपलं!"

अप्पांनी ग्राइंडर बंद केला नाही. नुसतं मानेने काउंटरकडे दाखवलं.

विकी वळला. मी स्टुलावर बसले होते. उंच आहे ते. पाय जमिनीला टेकत नाहीत.

"वहिनी, चावी?"

मी म्हणाले, "हात दाखवा."

त्याने खूश होऊन हात पुढे केला. मी अंगठ्याखाली दाबून बघितलं. बोटं बघितली. मागे रेलले, फळीवरून एक सुरी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"पाच इंची," मी म्हणाले. "कोबीला छान चालेल."